जपानचा भूकंप, सातपुड्याचा नकाशा

नंदुरबार-धुळ्याच्या माळरानावर काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती उभ्या दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत शिलारस शिरून थिजला, त्याच या डाइक. इथली जमीन फाटली होती, हे त्यांवरून शाळकरी पोरालाही कळते. पण नर्मदा-तापीच्या पट्ट्यातले मोठे भ्रंश बेसाल्टच्या आणि तापीच्या गाळाच्या खाली किती खोल गेले आहेत, हे वरून दिसत नाही.

आणि धोका खोलवरच आहे. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात झालेल्या मोठ्या भूकंपाचा उगम सुमारे 40 किलोमीटर खाली होता. याच नर्मदा पट्ट्यात 22 मे 1997 रोजी जबलपूर हादरले, तेव्हा उगम सुमारे 35 किलोमीटरवर होता. कोयनेजवळ गोठणे येथे संशोधनासाठी घेतलेले विवर 3 किलोमीटरचे. 35-40 किलोमीटरपर्यंत कोणतेच विवर पोचणार नाही.

भूकंपाच्या लाटा मात्र पोचतात. जपानमध्ये मोठा भूकंप झाला की त्याची पहिली लाट, म्हणजे पी लाट, साधारण दहा मिनिटांत सातपुड्यातल्या धडगावच्या खाली येते. पृथ्वीच्या कवचाचा तळ ओलांडताना तिचा थोडा अंश संथ एस लाटेत बदलतो आणि काही सेकंद मागे पडतो. कवच 40 किलोमीटर जाड असेल, तर जवळपास पाच सेकंद. शेजारशेजारच्या भूकंपमापन केंद्रांवर हे सेकंदांचे अंतर एकाएकी बदलले, तर खाली कवचाचा तळ खचला किंवा उचलला गेला असण्याची, म्हणजे भ्रंश तिथवर खोल गेला असण्याची शक्यता आहे. लाटा उठवायला सुरुंग नको, स्थानिक भूकंपाची वाट पाहणे नको.

म्हणूनच नर्मदाकाठापासून सातपुडा ओलांडून तापीच्या दक्षिणेपर्यंत ब्रॉडबँड भूकंपमापकांची सलग रांग हवी. आश्रमशाळांची आवारे त्यासाठी उत्तम. फक्त यंत्र पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये, वाऱ्याने पत्रा थरथरला तरी नोंद बिघडते. खड्डा कातळापर्यंत जायला हवा.

यातून भूकंपाचे भाकीत होणार नाही, बारीक भेगाही दिसणार नाहीत. पण तापीवरचे सारंगखेडा-प्रकाशाचे बॅरेज आणि डोंगरातल्या शाळा यांच्या सुरक्षेचा हिशेब अंदाजावर सोडणे बरे नव्हे. सहा महिन्यांची मोहीमही पुरणार नाही. जपान, फिलिपिन्स, इंडोनेशियाकडून लाटा वरचेवर येतात, पश्चिमेकडून कमी. दोन्ही अंगांनी पाहायचे तर यंत्रे किमान दोन वर्षे जागेवर राहिली पाहिजेत.