भोंगा कुठला घ्यायचा?

वर्गणीतून संघटनेचा भोंगा घ्यायचं ठरलं आहे. काही पोरं म्हणतात, जपानी घ्या, आवाज खणखणीत. काही म्हणतात, देशी घ्या, पैसा देशात राहील. आमचं म्हणणं, आधी एवढं बघा: मोर्च्याच्या आदल्या रात्री भोंगा मुका झाला, तर त्याचा डायफ्राम तालुक्याच्या बाजारात मिळेल का? ज्याचा मिळेल तोच घ्या.

पण देशी म्हणजे आपला, असं धरून चालू नका. भोंग्याचं तोंड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. अ‍ॅल्युमिनियम होतं बॉक्साइटपासून, आणि बॉक्साइट बहुतेक डोंगरमाथ्यावर. त्या डोंगरात राहतो कोण? आपल्यासारखीच माणसं. ओरिसात गंधमर्दन डोंगरावर खाण काढायला बाल्को आली. ती काही परदेशी नव्हती, सरकारी कंपनी होती. तिथल्या गावकऱ्यांनी रस्ता अडवला, डोंगर राखला.

कारखाना जपानात की दिल्लीत, हा नंतरचा सवाल. डोंगर खोदण्याआधी गावाला विचारलं का, हा पहिला. भोंगा आला की त्यातून पहिल्यांदा हेच विचारू.

येत्या बैठकीला पाड्यापाड्यातून या, बायांनीही बोलावं. जिंदाबाद!