पाणी आपले, तर डासही आपलेच



उसाचा भाव, तोडणी, वाहतूक आणि पाणीपट्टी यांवर या पानांतून आपण नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा, पण आपल्याच शिवारातला आहे. तो म्हणजे हिवताप. "हे तर आरोग्य खात्याचं काम, कारखान्याच्या पत्रिकेत कशाला?" असे काही सभासद म्हणतील. त्यावर माझे म्हणणे एवढेच की, हिवतापाचे औषध सरकारी दवाखान्यात मिळते. पण हिवतापाचे मूळ आपल्या बांधीत, नहराच्या गळतीत आणि उसाच्या शेताच्या टोकाला साचलेल्या पाण्यात आहे. तिथे आरोग्य खात्याचा हात पोचत नाही. आपला पोचतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "आमचं गाव स्वच्छ आहे, नाल्या उपसलेल्या आहेत, मग हिवताप कसा?" हा प्रश्न अनेक जण विचारतात. नालीच्या घाण पाण्यात होणारा डास वेगळा. तो हत्तीरोग पसरवतो, आणि त्या रोगानेही आपल्या पूर्व विदर्भाला पुष्कळ छळले आहे. घरातल्या रांजणात, टाक्यात होणारा डास डेंग्यूचा. हिवतापाचा डास मात्र ॲनाफिलीस. त्याला स्वच्छ, उथळ, उन्हात असलेले, संथ पाणी आवडते. रोवणी झालेली बांधी, पाटाची गळती, नाल्यातली डबकी, मुरूम काढून उघडे टाकलेले खड्डे ही त्याची माहेरघरे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवडाभर न हललेले पाणी म्हणजे डासांची एक नवी पिढीच समजा.

आता आपला जिल्हा पाहा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. नवेगावबांधसारखे तलाव कोहळी पूर्वजांनी बांधले, आणि त्याच पाण्यावर धानाबरोबर ऊसही पिकवला. बाघ आणि इटियाडोह प्रकल्पांचे नहर नंतर आले. पश्चिमेला वैनगंगा वाहते. पूर्वेला सालेकसा आणि देवरीचा डोंगर-जंगलाचा पट्टा, तिथे संथ वाहणारे झरे. सपाटीवर धान आणि नहरातला डास, तर डोंगरपायथ्याला झऱ्यातला डास. दोन्ही आपल्याकडे आहेत. हे पाणी आपले वैभव आहे, त्यात दोष नाही. दोष आहे तो पाण्याच्या हयगयीत.

ही हयगय कुठे होते? पूर्वी एकदा धान निघाले की शिवार कोरडे पडायचे, डासाची पैदास कमी व्हायची. आता उन्हाळी धान आहे आणि ऊस तर बारमाही. त्यामुळे नहर आणि पाट जास्त महिने वाहतात. वाहत्या नहरात डास फारसे होत नाहीत. पण नहर फुटका असला, मोरीखाली खड्डा असला, पाटात गवत माजले असले, की तिथे पाणी थबकते. उसाच्या सरीत पाणी मुरते. पण शेताच्या खालच्या टोकाला जादा पाणी सोडून आपण घरी जातो, ते रस्त्याच्या खड्ड्यात आठ-पंधरा दिवस उभे राहते. तलावाचेही तसेच. माशांनी भरलेला, काठ साफ असलेला तलाव फारसा धोक्याचा नसतो. काठाला बेशरम माजली आणि पाळीतून पाणी झिरपू लागले, की मासा पोचत नाही अशा उथळ जागी अळी वाढते. आपल्या धिवर बांधवांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

दुसरी जागा ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची. गाळप हंगाम सुरू होतो तेव्हा पावसाळ्यातला हिवताप अजून पुरता ओसरलेला नसतो. त्याच वेळी बाहेरून टोळ्या येतात आणि पाण्याच्या सोयीसाठी नहराच्या किंवा नाल्याच्या काठी उतरतात. कुडाला भिंत नाही, फवारणी करावी तर कशावर? मच्छरदाणी नाही, लहान मुले उघड्यावर झोपतात. कुणाच्या रक्तात जंतू असतील आणि ताप नसेल, असेही होते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०२० पासून बस्तर भागात घरोघरी रक्ततपासणी झाली, तेव्हा ताप नसतानाही जंतू असलेली माणसे मोठ्या संख्येने सापडली. असा एक माणूस डासांच्या वस्तीजवळ झोपला, की दोन आठवड्यांत तेच डास शेजारच्या गावाला पुरतात. मजूर आजार घेऊन येतो असे म्हणून त्याला दोष देणे सोपे आहे. उलटही तितकेच खरे, की तो इथून आजार घेऊन जातो. आपला ऊस तोडायला आलेला माणूस कुठे झोपतो, ही जबाबदारी आपली नाही तर कुणाची?

काही जण म्हणतात, "आता हिवताप राहिलाय कुठं?" हेच वाक्य देशाला एकदा महागात पडले आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. रुग्ण कमी झाले की लक्ष उडते आणि लक्ष उडाले की रुग्ण वाढतात, हा या रोगाचा इतिहास आहे. आज २०३० पर्यंत देशातून हिवताप घालवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. शेवटच्या टप्प्यात ढिलाई परवडणारी नाही.

मग धान आणि ऊस सोडून द्यायचा काय? मुळीच नाही. श्रीलंका हा आपल्यासारखाच तलावांचा आणि भातशेतीचा देश, आणि तिथला हिवतापाचा मुख्य डासही आपल्या नहर-बांधीतल्याच जातीचा. १९३४-३५ च्या साथीत तिथे हजारो माणसे गेली. तोच देश २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त जाहीर केला. तलाव बुजवून नव्हे, तर प्रत्येक रुग्णाचा आणि प्रत्येक डबक्याचा पाठपुरावा करून. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील नडियाद तालुक्यात १९८३ पासून डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली मलेरिया संशोधन केंद्राने गावकऱ्यांना बरोबर घेऊन खड्डे बुजवले, पाण्याचा निचरा केला, गप्पी मासे सोडले. तोही नहराच्या पाण्याचा आणि भातशेतीचाच मुलूख.

आता आपल्यापुरते बोलू. बांधीत सदैव पाणी उभे असलेच पाहिजे असे नाही. धान निसवताना आणि फुलोऱ्यात पाणी तोडू नये. पण फुटव्यांच्या काळात आठवड्यातून दोन दिवस पाणी आटू दिले, तर पिकाचे बिघडत नाही, अळी मात्र मरते. पावसाच्या झडीत हे जमणार नाही; उन्हाळी धानाला नक्की जमेल. अट एकच. एकट्याने बांधी सुकवून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या बांधीतला डास तुमच्या घरी येणारच. एका नहराखालच्या सर्वांनी एकाच दिवशी पाणी तोडले पाहिजे. सहकार शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय?

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढील गोष्टींचा ठराव व्हावा, अशी माझी सूचना आहे.

एक, गटवार पाहणी करून पाट-मोऱ्यांची गळती आणि रस्त्याकडेचे खड्डे गाळपापूर्वी बुजवावेत.

दोन, ऊसतोड टोळ्यांची वस्ती नहर-नाल्यापासून दूर, उंचवट्यावर असावी. पाणी टँकरने पोचवावे. प्रत्येक कुटुंबाला औषधयुक्त मच्छरदाणी मिळावी आणि टोळी उतरल्यापासून आठवड्याच्या आत आरोग्य केंद्रामार्फत सर्वांची रक्ततपासणी व्हावी. हा खर्च तोडणी खर्चाचाच भाग धरावा.

तीन, विहिरी आणि सिमेंटच्या टाक्यांत गप्पी मासे सोडावेत. मोठ्या तलावात मात्र ते सोडू नयेत, तिथे आपले देशी मासे पुरेसे आहेत.

ठरावाशिवाय करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. फवारावाले आले की देवघर आणि कोठीची खोली बंद ठेवू नका. फवारणीनंतर सणाच्या निमित्ताने भिंती लगेच सारवू नका. औषध शेणामातीखाली गेले की संपले. गोठाही फवारून घ्या, कारण हा डास जनावराचेही रक्त पितो आणि गोठ्यात दडून बसतो. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईला गाठून रक्त तपासा. गोळ्या चौदा दिवसांच्या दिल्या असतील तर चौदाही दिवस घ्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो म्हणून गोळ्या थांबवल्या, तर काळजात लपलेला जंतू दोन-चार महिन्यांनी पुन्हा उठतो, नेमका रोवणीत किंवा तोडणीत.

पाण्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, मोर्चे काढले, पाळ्या मागितल्या. पाणी आले, त्याचे पीक आपण घेतो. त्याच पाण्यातून निघणाऱ्या आजाराची वाटणी मात्र मजुराच्या आणि गावातल्या लेकरांच्या पदरी टाकतो. हे न्यायाचे नाही. सभेला या, आणि या विषयावर बोला.