‘बदलून बघू’ कुठवर चालेल?

पंधरा-वीस वर्षांची, हाताने गिअर टाकायची पेट्रोल गाडी आचके द्यायला लागली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: ‘प्लग बदलून बघू.’ मग कॉइल बदलून बघू, फिल्टर बदलून बघू, आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट. कधी यातल्या एखाद्या पायरीवर गाडी सुधारते, कधी नुसती बिलं वाढतात. याला सरळ फसवणूक म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच खरं वाटतं.

कारण प्लग आणि फिल्टर यांची मुदत संपलीच असेल, तर ते न तपासता बदलण्यात शहाणपण आहे. ते फार महाग नसतात आणि दोष तिथे नसला तरी खर्च वाया जात नाही. प्रश्न त्यापुढे सुरू होतो. क्लच, पेट्रोलचा पंप किंवा ईसीएम (इंजिनचा संगणक) अंदाजाने बदलणं परवडणारं नाही, आणि तेवढी वेळ येण्याआधी बरंच काही फुकटात कळू शकतं.

आचका कधी बसतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरते आणि वेग घेतला की शांत होते, तर संशय क्लचवर, त्याच्यावर गळलेल्या ऑइलवर किंवा इंजिन माउंटिंगवर. माउंटिंगचं रबर तडकलंय का, हे वरून बघता येतं आणि ते क्लचपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून आधी तेच पाहावं. सपाटीवर नीट चालणारी गाडी खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर, माणसं भरलेली असताना रेस दिल्यावर दम सोडते, तेव्हा पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असतो किंवा पंपाचं प्रेशर कमी पडत असतं. क्षीण ठिणगीही अशीच ओझ्याखाली उघडी पडते. फक्त पावसाळी सकाळीच मिसिंग होत असेल तर प्लगच्या केबली पाहाव्यात. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की चिरलेल्या केबलमधून ठिणगी उडताना डोळ्यांना दिसते. (हात लांब ठेवूनच.) ट्रॅफिकमध्ये हलकी, एकसारखी रेस ठेवल्यावर गाडी अडखळत असेल तर मळलेली थ्रॉटल बॉडी, तिचा सेन्सर किंवा फाटलेला व्हॅक्यूम पाइप. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, आणि तरी रेस देताना इंजिन अडखळतं? मग तो आचका तरी क्लचचा नाही. मात्र उलटं गृहीत धरू नये: उभ्या गाडीत इंजिन गोड वाजलं म्हणून ते निर्दोष ठरत नाही, कारण त्याच्यावर ओझंच नसतं.

हल्ली या सगळ्याच्या आधी बोट जातं ते पेट्रोलमधल्या इथेनॉलकडे. वीस टक्के मिश्रण 2023 पासून पंपांवर येऊ लागलं आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, ही तक्रार रास्त आहे. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. जुनी रबरी नळी बिघडू शकते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणीही ओढतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला नव्या मिश्रणाप्रमाणे पेट्रोल वाढवून घेता येत नाही. एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ती बऱ्याच अंशी जुळवून घेते. म्हणजे ‘इथेनॉलने काहीच होत नाही’ हे चूक, आणि सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडणंही चूक. पहिल्या गिअरमधल्या थरथरीशी पेट्रोलचा संबंध नाही.

स्कॅनरचंही तसंच. तो सेन्सरची तुटलेली तार पकडतो, पेट्रोलचं प्रेशर किंवा क्लचची झीज दाखवत नाही. मिसफायरचा कोड आला तरी कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे शोधणं उरतंच. आणि 2000 च्या आसपासच्या बऱ्याच गाड्यांमध्ये साधा स्कॅनर लागतच नाही. जुन्या मिस्त्रीचा कान तिथे कामी येतो. मात्र कानाला व्होल्टेज ऐकू येत नाही, म्हणून मल्टिमीटर आणि प्रेशर गेज न वापरणाऱ्या मिस्त्रीवरही डोळे मिटून विसंबू नये.

आता मालकाची बाजू. मेकॅनिकने दोन तास घालवून एक निसटलेला पाइप बसवला, तर आपण विचारतो, ‘काही बदललंच नाही, मग पैसे कसले?’ पार्टच्या बिलावर आपण घासाघीस करत नाही आणि शोधण्याच्या मेहनतीवर करतो. मग गॅरेजवाल्याने शोधावं कशासाठी? म्हणून तपासणीची फी आधीच ठरवून घ्यावी. ती पुढे दुरुस्तीच्या बिलात भर घालणारी सबब होऊ शकते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तरीही अंदाजाने उतरवलेल्या गिअरबॉक्सपेक्षा ती स्वस्तच पडते.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी नुसती सोडून येऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवा आणि जिथे आचका बसतो तिथे नेऊन दाखवा. तपासणीचे पैसे आनंदाने द्या. एका वेळी एकच पार्ट बदलायला सांगा, जुना पार्ट परत मागा. आणि गिअरबॉक्स उतरवायची भाषा निघाली की विचारा: क्लचच आहे, हे कशावरून?