बिडाच्या तव्यास कोणते तेल?

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर एके दिवशी शेजारची सूनबाई बिडाचा तवा पदराआड झाकून आमच्या ओटीवर आली. "मावशी, हा आता भंगारवाल्यास द्यावा म्हणते," असे म्हणून तिने तो माझ्यापुढे ठेवला. तवा तिच्या आजेसासूच्या वेळचा. सासूबाई दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेल्या होत्या. मागे तवा गंजू नये म्हणून हिने त्यास भरपूर खोबरेल चोपडून माळ्यावर ठेविला होता. त्यावर आता धूळ व काजळी बसली होती, खवट वास येत होता, आणि जेथून तेल ओघळून गेले तेथे तांबूस ठिपके उठले होते. सासूबाई रविवारी परतावयाच्या होत्या.

तिला बोल लावण्याचा मला अधिकार नव्हता. संसाराच्या पहिल्या वर्षी मी स्वतः मेणबत्त्यांची उरलेली थुटके तापल्या तव्यावर चोळली होती. तवा क्षणभर चकाकला, मग स्वयंपाकघर धुराने भरले. आणि त्या दिवशीच्या घावनांस जो वास आला तो आमच्या घरी अद्याप कोणी विसरलेले नाही.

वाचक भगिनींनो, तव्यास तेल लावणे निराळे आणि तवा तेलाने मुरविणे निराळे. मुरलेल्या तव्यावरचा काळा थर म्हणजे ओशटपणा नव्हे. तापलेले तेल हवेतील प्राणवायूच्या योगाने साखळीच्या कड्यांप्रमाणे आपसांत गुंतते व त्याचे कोरडे, कठीण कवच बनते. तोच हा थर. सगळीच तेले अशी गुंतत नाहीत. खोबरेलाचा सुमारे ९० टक्के भाग असा असतो की त्याला गुंतण्यास मोकळी कडीच नसते. आंबोळी काढताना ते उत्तम. तवा मुरविण्यास मात्र ते कामाचे नाही.

याच्या अगदी उलट टोकास जवसाचे तेल. ते इतके चांगले वाळते की चित्रकार रंग कालविण्यास तेच घेतात, आणि जमिनीवर अंथरावयाचे लिनोलियमही त्याचेच करतात. २०१० च्या सुमारास अमेरिकेत बिडाच्या भांड्यांसाठी या तेलाचा मोठा बोलबाला झाला. थर दिसावयास सुंदर होतो यात शंका नाही; पण तो ठिसूळ असतो, आणि काही महिन्यांनी त्याचे पोपडे निघू लागल्याच्या तक्रारीही पुष्कळ झाल्या. शिवाय रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल तर स्वयंपाकघरात आणूच नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना तेल उष्णता सोडते, ती बोळ्यात कोंडते, आणि काडी न लावता चिंधी पेट घेते. ती अंगणात पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. ज्यांच्या घरी शाकारलेले छप्पर आहे व चुलीजवळ सरपण रचलेले असते, त्यांनी तर हे विसरूच नये.

मग घ्यावे कोणते? माझे मत करडईच्या तेलास आहे. ते पुरेसे वाळते आणि थरही सहसा पोपडत नाही. इंदूरकडील भगिनींस सोयाबीनचे तेल सहज मिळते, तेही चांगलेच. अमेरिकेत टेनेसी राज्यात १८९६ साली निघालेला लॉज हा कारखाना २००२ पासून आपले तवे सोयाबीनचे तेल भाजूनच विकावयास काढतो. शेंगदाण्याचे तेल सावकाश वाळते, पण घरात तेच असेल तर दुसरे विकत आणण्याचे कारण नाही. दोन वेळा अधिक भाजले म्हणजे झाले.

खरी चूक तेलाच्या जातीपेक्षा मापात होते. दहा इंची तव्यास अर्धा चमचा तेल पुष्कळ. तवा हाताला सोसवेल इतका गरम करून ते सर्वत्र चोळावे आणि मग, जणू चुकून लागले होते, अशा रीतीने कोरड्या फडक्याने पुसून काढावे. नंतर खिडक्या उघड्या ठेवून धूर येऊन थांबेपर्यंत तापवावे व आपोआप निवू द्यावे. गार पाणी ओतल्यास बीड तडकते. असे तीन-चार वेळा करावे. जाड थर दिला तर तो वरून वाळतो, आतून चिकट राहतो.

मेणाविषयी थोडेच. मेण वाळत नाही. ते वितळते आणि पुन्हा गोठते. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, म्हणून तापल्या तव्यावर ते टिकणारच नाही. मात्र मुरलेला तवा पावसाळाभर माळ्यावर ठेवावयाचा असेल, तर करडईच्या तेलात थोडे शुद्ध मेण वितळवून त्याचा पुसट हात फिरवावा. ते ओघळत नाही व दमट हवा लोखंडास लागू देत नाही. मेणबत्तीचे मेण बहुधा खनिज तेलापासून केलेले असते, त्यात कधी रंग व सुवासही घातलेला असतो. त्याची जागा स्वयंपाकघरात नव्हे.

नव्याने मुरविलेल्या भांड्यात चिंच, कोकम किंवा शिरका घातलेले कालवणही काही आठवडे करू नये. आंबटाने थर सुटतो.

असो. सूनबाईचा तवा आम्ही राखेने व काथ्याने घासून लोखंड उघडे पाडले आणि शनिवारी दुपारी चार वेळा भाजला. रविवारी सासूबाई स्वतःच चुलीपुढे बसल्या. वांग्याचे देठ तेलात बुडवून त्यांनी तव्यावरून फिरविले. पहिली आंबोळी चिकटली, दुसरी कडेला अडली, तिसरी सुटून आली. त्यांनी सुनेकडे पाहिले, आणि पीठ ढवळून चौथी घातली.