पिंप आठवड्याला, मत पाच वर्षांनी

नळ ठरल्या वेळेपुरताच येतो, म्हणून आपल्या दारात पिंप असतं. उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासावं आणि सुकवून झाकावं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. (हे काम आई-बहिणींवरच का? पुरुषांनीही हात लावावा.) ‘आमच्या एका पिंपाने काय होतं?’ असं आपण म्हणतो. मताच्या दिवशीही हेच म्हणतो.

पण पाणी किती वेळ येणार, गटार कधी उपसणार, रुक्मिणीबाई किंवा कळवा रुग्णालयात काय मिळणार, हे महापालिका ठरवते. कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. वस्तीने गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे?

महाडचं तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. त्याआधी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता. तरी आपल्या माणसांच्या ओंजळीत ते पाणी आलं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांसोबत चालत गेल्यावर.

आता बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत. पावसाआधी विहारात वंदनेनंतर चौघांनाही बोलवू आणि आपल्या गल्लीत पाणी किती वेळ येतं, हे लिहिलेली वही त्यांच्यापुढे ठेवू.