रेडिएशनचा आराखडा संगणक आखतो, मग तपासतो कोण?

शिरूर तालुक्यातील इनामगावसारख्या गावातल्या कॅन्सर रुग्णाला रेडिएशन घ्यायचे असेल, तर अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे पुण्याला फेऱ्या माराव्या लागतात किंवा तिथेच मुक्काम करावा लागतो. पण यंत्राखाली झोपण्याआधी उपचाराचा आराखडा तयार व्हावा लागतो. हे काम आज संगणकावर होते.

आराखडा म्हणजे काय?

सीटी स्कॅनच्या चित्रांवर डॉक्टर गाठ आणि शेजारचे अवयव आखून घेतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल, तर मूत्राशय आणि गुदाशय जपावे लागतात. किरण कोणत्या दिशांनी सोडायचे, हे मेडिकल फिजिसिस्ट ठरवतात आणि कुठे किती डोस पोहोचेल, याचे गणित संगणक करतो. अवयव आखण्याचे वेळखाऊ काम आता एआय सॉफ्टवेअर काही मिनिटांत करते. मात्र ती आखणी तपासून मान्य करण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच असते.

तपासणी चुकली तर?

पनामातील एका कॅन्सर रुग्णालयात २०००-०१ मध्ये किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची माहिती संगणकात वेगळ्या पद्धतीने भरली गेली. संगणकाने ती स्वीकारली आणि उपचाराचा वेळ चुकीचा काढला. हा आकडा स्वतंत्रपणे पडताळला गेला नाही. २८ रुग्णांना जादा डोस मिळाला आणि त्यातील काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. यंत्रात बिघाड नव्हता.

माणसे कुठे तयार होतात?

मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र १९६२ पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका देते. 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्रही याच केंद्राचे. प्रशिक्षणातही संगणक कामी येतो. ब्रिटनमधील हल येथे विकसित झालेल्या 'व्हर्ट' प्रणालीत विद्यार्थी पडद्यावरील त्रिमितीय उपचारकक्षात सराव करतात. तिथे चूक झाली, तरी रुग्णाला इजा होत नाही आणि उपचाराचे खरे यंत्रही अडून राहत नाही.

मग प्रश्न कोणता विचारायचा?

गावांजवळ नवे केंद्र येणार म्हटले की चर्चा यंत्राच्या किमतीची होते. पण आराखडा तपासायला फिजिसिस्ट आणि डॉक्टर नसतील, तर यंत्र येऊनही रुग्णाची पुण्याची फेरी चुकत नाही. म्हणून यंत्र कधी येणार, याबरोबरच ते चालवणारी आणि तपासणारी माणसे किती असणार, हेही विचारायला हवे.