तेलाच्या डब्यावरची बाराखडी

मंडळी, अंक हातात पडेपर्यंत फराळाचे डबे निम्मे रिकामे झालेले असतात आणि घरोघरी पुढचा विषय निघतो: नाताळच्या सुट्टीत कुठं जायचं? कुणी ह्यूम हायवेनं सिडनीहून मेलबर्नला निघतं, कुणी ग्रेट ओशन रोड गाठतं, तर एखादं उत्साही कुटुंब नलारबोर ओलांडून थेट पर्थला जातं. गेल्या वर्षी या सदरात आपण टायरवरचे आकडे वाचायला शिकलो. या वर्षी बॉनेट उघडू आणि इंजिन ऑइलच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं ते समजून घेऊ.

दुकानात एका रांगेत तेलाचे तीस-चाळीस डबे मांडलेले असतात. कुणी स्वस्त बघून उचलतं, कुणी ओळखीचं नाव बघून. तेवढ्यात भारतातून काकांचा फोन येतो: “अरे, जाड तेल घाल, इंजिन टिकतं.” काकांचं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. ॲम्बॅसिडरला आणि प्रीमियर पद्मिनीला २०डब्ल्यू-४० तेलच घातलं जायचं. इथल्या जुन्या होल्डन-फाल्कनवाल्यांचीही २०डब्ल्यू-५० वर अशीच श्रद्धा असते. पण तुमच्या दारातल्या हायब्रिड कॅमरीची पुस्तिका ०डब्ल्यू-१६ मागते. मग ऐकायचं कुणाचं?

डब्यावर तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली असतात. तेल किती जाड आहे? ते कोणत्या चाचण्यांना उतरलं आहे? आणि तुमची गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ते मंजूर केलं आहे का? एका उत्तरानं दुसऱ्याचं काम भागत नाही. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

जाड की पातळ?

अभ्यंगस्नानाच्या पहाटे मेलबर्न-कॅनबराच्या घरांत खोबरेल तेलाची बाटली आधी गरम पाण्यात ठेवावी लागते. साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं. उलट कढईत तापलेलं तेल पाण्यासारखं पातळ दिसतं. इंजिन ऑइल खोबरेलासारखं एकदम थिजत नाही, पण थंडीत जाड आणि उष्णतेत पातळ व्हायचा स्वभाव तोच. म्हणून त्याचा जाडपणा मोजताना तापमान सांगावंच लागतं.

हे मोजमाप ठरवलं एसएई या वाहन-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेनं. संस्था १९०५ सालची आणि तेलाची पहिली वर्गवारी १९११ ची. आज त्या मानकाचं नाव जे३०० आहे. ५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, ‘वेट’ नव्हे. पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो. गारठलेलं इंजिन फिरवताना तेल किती अडवतं, याची प्रयोगशाळेतली चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ ला होते. दुसरा आकडा गरम इंजिनातला. १०० अंशांना तेलाचा जाडपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असेल तर ग्रेड ३०, आणि १२.५ ते १६.३ असेल तर ४०. तुलनेसाठी सांगायचं तर २० अंशांच्या पाण्याचा आकडा साधारण १ असतो. याशिवाय १५० अंशांना, बेअरिंगमध्ये तेल रगडलं जात असताना त्याचा थर किती टिकतो, हीसुद्धा चाचणी असते.

आता इथली गंमत बघा. ऑस्ट्रेलियातलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान उणे २३ अंश आहे. शार्लट पास, २९ जून १९९४. म्हणजे या देशातला विक्रमी गारठासुद्धा १०डब्ल्यूच्या चाचणीपर्यंत पोहोचत नाही. उन्हाळ्याचा विक्रम ५०.७ अंश, ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी आणि ऑन्स्लोला १३ जानेवारी २०२२ रोजी. मग ०डब्ल्यूचं इथं काय काम?

कारण इंजिनाच्या दृष्टीनं ब्रिस्बेनची २० अंशांची सकाळसुद्धा थंडच असते. ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांना १०० अंशांपेक्षा पाचसहा पट जाड असतं. गाडी चालू करताना तेल जितक्या लवकर वरपर्यंत चढेल तितकं बरं. शिवाय आजच्या इंजिनांत तेलाच्या वाटा अरुंद असतात आणि व्हॉल्व्हची वेळ पुढंमागं करणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. ती अमुक एक जाडपणा गृहीत धरून बनवलेली असते. पातळ तेल ढवळायला इंजिनाला जोर कमी लागतो, त्यामुळे इंधनही थोडं वाचतं. म्हणूनच एसएईनं २०१३ मध्ये १६ ही ग्रेड आणली आणि २०१५ मध्ये १२ आणि ८. ऑस्ट्रेलियातही २०२५ पासून नव्या गाड्यांसाठी इंधन-कार्यक्षमतेचा कायदा लागू झाला आहे, तेव्हा असे पातळ आकडे इथं वाढतच जाणार.

पण म्हणून जुन्या, झिजलेल्या इंजिनात ०डब्ल्यू-१६ ओतायचं नाही. तिथं बेअरिंगमधली फट मोठी असते आणि पातळ थर टिकत नाही. काकांचा सल्ला त्यांच्या इंजिनाला बरोबर होता. तो तुमच्या इंजिनाला लागू पडेलच असं नाही.

एस, सी आणि पुढची अक्षरं

जाडपणा कळला म्हणजे दर्जा कळला असं नाही. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे सारखेच जाड असतील, पण एक वीस वर्षांपूर्वीच्या कसोटीचा असू शकतो आणि दुसरा आजच्या. हा फरक सांगतात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची अक्षरं. पहिलं अक्षर ‘एस’ असेल तर पेट्रोल इंजिन, ‘सी’ असेल तर डिझेल. दुसरं अक्षर पिढी सांगतं. एसए हे जवळजवळ काहीही न मिसळलेलं तेल. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना ते योग्य नाही असं एपीआय स्वतःच सांगते. एसएन आलं २०१० मध्ये, एसपी मे २०२० मध्ये आणि एसक्यू मार्च २०२५ मध्ये.

नवं अक्षर फक्त जाहिरातीसाठी काढत नाहीत. लहान टर्बो इंजिनांत कमी वेगात जोर लावला की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं. असा एक दणकासुद्धा पिस्टन फोडू शकतो. तेलातली काही रसायनं हा धोका वाढवतात असं लक्षात आल्यावर एसपीमध्ये त्याची चाचणी आली, आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही. तुमची टर्बो गाडी एसपी मागत असेल आणि सेलमध्ये एसएल लिहिलेला डबा दिसला, तर वाचलेले वीस डॉलर खूप महाग पडू शकतात. पेट्रोलच्या मालिकेत नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं. जुनं मात्र नव्याच्या जागी चालत नाही. सोबत आयएलसॅक जीएफ-६ए किंवा जीएफ-६बी असंही दिसेल. अमेरिकी आणि जपानी कंपन्यांचं हे मानक इंधनबचतही तपासतं, आणि त्यातलं ६बी फक्त ०डब्ल्यू-१६ साठी आहे.

युरोपी गाड्यांची रीत वेगळी. त्यांच्या एसीईए मानकात ए/बी हा वर्ग पेट्रोल आणि हलक्या डिझेल इंजिनांचा, ई ट्रकचा आणि सी धूर गाळणाऱ्या यंत्रणेच्या गाड्यांचा. डिझेल युट किंवा मोठी एसयूव्ही असलेल्यांनी हा ‘सी’ लक्षात ठेवावा. तेलातली काही द्रव्यं जळल्यावर राख उरते. ती डीपीएफच्या जाळीत साचते, आणि काजळीसारखी जाळून टाकता येत नाही. म्हणून सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांहून जास्त चालत नाही. चुकीच्या तेलानं गाडी त्या दिवशी बंद पडणार नाही, पण जाळी अकाली तुंबेल आणि ती बदलणं हजारो डॉलरचं काम असतं.

भारतातल्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट. गियरच्या मोटरसायकलमध्ये बहुधा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारं गाडीचं तेल तिथं घातलं तर क्लच घसरायला लागतो. म्हणून तिच्यासाठी जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ बघावं. क्लच तेलाबाहेर असलेल्या ऑटोमॅटिक स्कूटरसाठी एमबी. बाबांच्या बाइकमध्ये “गाडीतलं उरलेलं चांगलं सिंथेटिक” ओतू नका.

इथलं पेट्रोल, इथली पुस्तिका

इंटरनेटवर जर्मनीतला किंवा अमेरिकेतला कुणीतरी तुमच्याच मॉडेलबद्दल छातीठोक सल्ला देतो. तो इथं जसाच्या तसा लागू होत नाही, कारण पेट्रोल वेगळं असतं. पेट्रोलमधल्या गंधकापासून इंजिनात आम्ल तयार होतं, आणि तेलातला क्षार त्याला मारतो, आम्लपित्तावर सोडा घ्यावा तसा. कमी राखेच्या तेलात हा क्षार बहुधा कमी असतो. ऑस्ट्रेलियात साध्या ९१ पेट्रोलमध्ये दर दहा लाख भागांत १५० भागांपर्यंत गंधक चालत असे, ९५ आणि ९८ मध्ये ५० पर्यंत. डिझेल मात्र २००९ पासूनच १० भागांवर आहे. पेट्रोलसाठी १० ची मर्यादा नियमानं आली ती १५ डिसेंबर २०२५ पासून. भारतात बीएस-६ बरोबर पेट्रोल आणि डिझेल दोन्ही १ एप्रिल २०२० लाच १० वर आली होती, हे वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या भुवया उंचावतील!

म्हणूनच काही युरोपी पेट्रोल गाड्यांना युरोपात कमी राखेचं आणि जास्त गंधकाच्या देशांत दुसरं तेल सांगितलेलं असतं. ग्लोव्हबॉक्समधली ऑस्ट्रेलियासाठी छापलेली पुस्तिका हाच आपला ग्रंथ. जुनी गाडी घेताना ती मिळाली नसेल तर कंपनीच्या ऑस्ट्रेलियन संकेतस्थळावर शोधा.

‘अप्रूव्ह्ड’ आणि ‘सूटेबल’

तिसरा प्रश्न मंजुरीचा. डब्याच्या मागं बारीक अक्षरांत ‘एमबी-अप्रूव्हल २२९.५१’, ‘फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००’, ‘बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४’ असं लिहिलेलं असतं. त्याआधीचा शब्द नीट वाचा. ‘अप्रूव्ह्ड’ म्हणजे गाडीच्या कंपनीनं ते तेल तपासून मंजूर केलं आहे. ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘मीट्स’ म्हणजे तेल विकणारा स्वतःच्या जबाबदारीवर तसं सांगतो आहे. तो खोटंच सांगतो असं नाही, पण साक्षीदार बदलला. एपीआयचंही तसंच: गोल डोनटसारखं चिन्ह छापायला परवाना लागतो, नुसतं ‘एपीआय एसपी’ असं लिहिलेलं असेल तर तो विक्रेत्याचा दावा.

हा मुद्दा वॉरंटीशी जोडलेला आहे. सर्व्हिस डीलरकडेच केली पाहिजे, नाहीतर वॉरंटी गेली, हा समज खरा नाही. एसीसीसीनं हे स्पष्ट केलेलं आहे, आणि १ जुलै २०२२ पासून स्वतंत्र मेकॅनिकनाही दुरुस्तीची माहिती देणं गाडी कंपन्यांना बंधनकारक आहे. मात्र काम जाणकार माणसाकडून, वेळापत्रकाप्रमाणे आणि योग्य दर्जाचं सामान वापरून झालेलं असलं पाहिजे. उद्या इंजिन बिघडलं तर पहिला प्रश्न येईल: तेल कोणतं घातलं होतं? म्हणून पावतीवर नुसतं ‘इंजिन ऑइल ५ लिटर’ असं न घेता ग्रेड, मानक आणि तेलाचं नाव लिहून घ्या. मेकॅनिकला त्यात वावगं वाटत नाही. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांनी ही सवय पहिल्या सर्व्हिसपासून लावून घ्यावी. त्यांच्या जुन्या गाडीला वॉरंटी नसली तरी विकताना हीच पावत्यांची चळत कामाला येते.

निघण्यापूर्वी

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि मग पातळी बघा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्याही वर भरणं चांगलं नाही. लांबच्या प्रवासाला पुस्तिकेप्रमाणेच एक लिटर तेल बूटमध्ये ठेवा. वाटेत पातळी खाली गेली आणि फक्त दुसऱ्या कंपनीचं त्याच मानकाचं तेल मिळालं, तर बिनधास्त घाला. मान्यताप्राप्त तेलं एकमेकांत मिसळली पाहिजेत हीसुद्धा एक चाचणीच असते. हवं ते मानक नाहीच मिळालं, तरी जवळचं थोडं तेल घालून पुढच्या गावात ते बदलणं परवडतं; तेलाशिवाय इंजिन पळवणं परवडत नाही.

घरी तेल बदलणाऱ्यांनी काढलेलं तेल बंद डब्यात भरून कौन्सिलच्या केंद्रावर न्यावं. ते गाळून पुन्हा वापरात येतं. गटारात ओतलं तर खाडीत जातं.

आणि काकांना फोन कराल तेव्हा त्यांच्या नव्या गाडीच्या पुस्तिकेतलं तेलाचं पान वाचून दाखवायला सांगा. बहुतेक तिथंही २०डब्ल्यू-४० सापडणार नाही. शुभ दीपावली आणि सुखाचा प्रवास!